रोह्याच्या सामन्यांना नेलेलं इन्सुलिन

पेणच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. मुलींच्या कबड्डी संघाला बाहेरगावी नेण्याचं कामही माझ्याकडेच होतं. संघात आठवीतली एक मुलगी होती, खाडीकाठच्या गावातली, आईवडील मिठागरावर कामाला. ती चढाईला निघाली की समोरच्या पोरी आपोआप मागे सरकायच्या.

तिला मधुमेह होता. एवढ्या लहान वयात हा आजार होतो, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी तिची आई तिला इन्सुलिनची सुई टोचायची.

त्या वर्षी सामने रोह्याला होते, मुक्काम करावा लागणार होता. मुख्याध्यापक म्हणाले, "तिला राहू दे. तिकडे काही झालं तर उत्तर कोण देणार?"

"मी देईन," असं मी बोलून गेले खरी, पण कुणाला सुई टोचताना दिसली तरी मी तोंड फिरवायचे.

पेणच्या डॉक्टरांनी औषध किती भरायचं, सुई कुठे टोचायची ते दाखवलं. तिच्या आईनं मला घरी बोलावून स्वतःसमोर एकदा लेकीला सुई टोचायला लावलं. मी दोनदा सुई मागे घेतली.

"घाबरू नका बाई," मुलगीच म्हणाली, "आय पण पयल्यांदा रडली होती."

"गप गो," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "सुई दिली की जेवणाला उशीर नाय करायचा. आनि घाम सुटला, गप झाली, की लगेच साखर."

रोह्याला एका शाळेच्या वर्गात आमची उतरायची सोय होती. संध्याकाळी मी स्टोव्हवर सिरिंज उकळली, बर्फाच्या थर्मासमधली इन्सुलिनची बाटली काढली आणि संघातल्या सगळ्या पोरींच्या डोळ्यांदेखत तिला सुई दिली. पोरी श्वास रोखून बघत होत्या. नंतर एकीनं विचारलं, "दुखतं का गं?" "मुंगी चावते तेवढं," ती म्हणाली आणि पानावर बसली.

सकाळी मी सिरिंज हातात घेतली, तर तिनं हात पुढे केला. "द्या, मी घेते." औषध भरलेलं मी नीट तपासलं. तिनं मांडीची कातडी चिमटीत धरली, डोळे मिटले आणि सुई टोचून घेतली. मी सिरिंज धुऊन डब्यात ठेवली.

नाश्ता वेळेवर झाला, पण उद्घाटनाची भाषणं काही संपेनात. आमचा सामना लांबला आणि तिची मधल्या खाण्याची वेळ कधी टळली ते माझ्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या डावात ती चढाई करून परत आली आणि मैदानातच उभी राहिली. अंगावरून घाम निथळत होता. मी हाक मारली, तर तिनं माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

मी मैदानात धावले. पंच म्हणाले, "बाई, असं मधेच येता येत नाही."

"तिला साखर द्यायचीय," मी ओरडले.

त्यांनी शिट्टी फुंकली. तिला बाहेर आणून मी साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं ती माझ्या नजरेला नजर देऊन म्हणाली, "किती झाले?"

मग तिनं पोळी खाल्ली आणि उठलीच. "मला मैदानात उतरवा."

"नाही."

"बरी हाय मी, बाई!"

"बसून राहा."

सामना आम्ही थोडक्यात हरलो. परतताना एस.टी.त वाटेतलं गडब गाव मागे पडेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "मला उतरवलं असतं, तर जिंकलो असतो." असेलही. तसंच परत घडलं तरी मी तिला बसवूनच ठेवेन, असं मी सांगितलं.

पेणच्या स्टँडवर तिची आई उभी होती. लेकीनं स्वतःची सुई स्वतः घेतली, हे मी तिला सांगितलं. ती लेकीकडे वळली.

"मंग आता आयची गरज नाय का गो?" तिनं विचारलं.

"सुई उकळायला लागशील की," मुलगी म्हणाली. आई हसली आणि लेकीची पिशवी तिनं आपल्या खांद्यावर घेतली.

पुढच्या वर्षी संघ निघाला तेव्हा मुख्याध्यापकांनी तिच्या नावाला हरकत घेतली नाही. संघातल्या प्रत्येक मुलीच्या दप्तरात साखरेची पुडी होती. ते त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं.