दिव्यामागची वाळू

रेवसच्या धक्क्यावर ओहोटी लागून गाळाचा वास सुटला, की मला अलिबागचं ते गॅरेज आठवतं.

जुन्या पिकअपचे पिवळे, मिणमिणते हेडलाइट काढून पांढरे एलईडी बसवायला मी गेलो होतो. भर दुपार होती. अन्वर मिस्त्रीने डावा दिवा ओढून बाहेर काढला, तशी त्यामागून ओंजळभर वाळू त्याच्या पायांवर सांडली. वाळूत बारीक शिंपल्या होत्या आणि वास हाच होता.

"शेठ, गाडी पोहून आलीय काय?" तो हसला. मग त्याने खाली वाकून चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर, हातोडी मारली. भाकरीच्या तुकड्याएवढी गंजाची खपली सुटून पडली आणि त्याचं हसू थांबलं.

गाडी मी मावसभावाकडून घेतली होती, सकाळभर घासाघीस करून. शेवटी तो किमतीत पटकन खाली उतरला, तेव्हा मी जिंकलो असं मला वाटलं होतं. तिथूनच त्याला फोन लावला.

"व्हय, काशीदला भरतीत बुडाली होती," तो शांतपणे म्हणाला. "दादा, तू नुसता भावाचं बोललास. पाण्याचं कुठं विचारलंस?"

मी त्याला नाही नाही ते बोललो. तेव्हा राग फसवणुकीचा होता. आता मात्र या वासाबरोबर दुसरंच काही डोळ्यांपुढे येतं. गॅरेजला नेण्याआधी त्याच गाडीने आम्ही हरिहरेश्वरला निघालो होतो. माझ्या लहान मुलीला मावसभावानेच उचलून पुढच्या सीटवर बसवलं होतं, आणि हसत हसत दार लावलं होतं.