पहिल्या कवनातले नाव

मलकापूरला गाडीतून उतरलो तेव्हा नुकते उजाडले होते. पिशवीत आपल्या बागेतल्या दुधी भोपळ्याचे बी होते. डोक्यात एक गोष्ट होती, आणि ती शाहिरांना कशी सांगायची हे मुंबई सोडल्यापासून ठरत नव्हते.

उद्घाटनाचा कार्यक्रम ठरवायच्या वसाहतीच्या सभेला तुमच्यापैकी बरेच जण होते, तरी लिहितो. घरोघरचा ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून आपण वसाहतीच्या पडीक जागेवर बाग उभी केली. तिथली भाजी सगळ्या बिऱ्हाडांत सारखी वाटतो. आता तिथे आपल्याच हातांनी मातीचा रंगमंच बांधला. त्याच्या उद्घाटनाला धाडजवळच्या खेड्यातले शाहीर तुळशीराम यांचा जलसा (गाण्यांचा कार्यक्रम) मीच सुचवला. गिरणीत काम करणाऱ्या त्यांच्या भावाकडे ते आले होते, तेव्हा मी त्यांना ऐकले होते. ते बौद्ध समाजातले आहेत हे सभेत कळले, आणि शाहीर आणि साथीदार अशा सहा जणांना उतरवून कोण घेणार म्हटल्यावर सगळे जमिनीकडे पाहू लागले. खताची शेड धुऊन त्यांना द्यावी, ही सूचना माझी. "माझ्याकडे दोन खोल्या आहेत, पण सुमतीला चालायचं नाही," बायकोचे नाव पुढे करणारे हे वाक्यही माझेच. शेडचे सांगायला आणि शाहिरांना रीतसर बोलवायला मी निघालो होतो.

बुलढाण्याची एस.टी. राजूर घाटात पंक्चर झाली. दोन्ही बाजूंना सागाची वाळलेली पाने वाजत होती. सगळे उतरून सावलीला बसलो. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "कोन्या गावचे?"

"मुंबईचा."

"मंग इकडं कुठं जाऊन राह्यले?"

"गाणं ऐकायला."

"काऊन बे, मुंबईले रेडिओ बंद पडले काय?" तो एवढा हसला की ड्रायव्हरही चाक सोडून हसू लागला. मीही हसलो. तेवढा वेळ बरे वाटले.

धाडला उतरलो तर शाहीर स्टँडवर उभे होते. काळेसावळे, उंच, धोतर गुडघ्यापर्यंत. माझी पिशवी त्यांनी हातातून काढूनच घेतली. कापसाच्या शेतांमधून पायी निघालो. वेचणी चालली होती, बायका लांबूनच विचारत होत्या, "कोन पाहुना व्हय, शाहीर?" "मुंबईचे साहेब! आमाले बोलवाले आले!" ते प्रत्येक शेताला ओरडून सांगत होते.

घर दोन खणांचे, अंगण शेणाने स्वच्छ सारवलेले. शाहिरांच्या पत्नी यमुनाबाईंनी कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद दळून केलेली) आणि मिरचीचा ठेचा वाढला. मी आणलेले बी त्यांनी लगेच पदराला बांधले. दुसरी भाकर वाढताना त्यांनी विचारले, "भाऊ, हे मुंबईले उतरतीन कोठं?"

सांगायची वेळ हीच होती. मी म्हणालो, "आमच्याच घरी."

"सहाच्या सहा जनं? घरच्या बाईले लय तकलीफ होईन. आमचं पीठ आमी संगं धाडू."

"नको, नको."

"नको काऊन? पीठ धाडू, अन् शेवया बी धाडू. वहिनीचं नाव काय हो?"

मी सांगितले, सुमती. शाहीर जेवता जेवता थांबले आणि त्यांनी ते नाव दोन-तीनदा ओठांत घोळवले. मी विचारले तेव्हा त्यांची रीत कळली. जलसा कुठेही असो, ज्या घरी उतरतात त्या घरच्या नवरा-बायकोचे नाव पहिल्या कवनात गुंफायचे, मगच पुढचे गाणे. ही रीत त्यांच्या वडिलांपासूनची.

दिवेलागणीला अंगणात तालीम झाली. ढोलकी, डफ, तुणतुणे. शाळेवर एक गाणे, विहिरीवर एक, गावच्या लिंबाच्या झाडावर एक. पण सगळ्यात आधी आमच्या दोघांचे कवन. ज्या दाराने हाक दिली, ज्या माठाने पाणी दिले, ते दार आणि तो माठ आमचा. साथीदार टिपेला जाऊन माझे नाव घेत होते, आणि यमुनाबाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी तसाच बसून राहिलो.

सकाळी ते मला स्टँडवर सोडायला आले. एस.टी. आवारात शिरली तेव्हा मी एका दमात सगळे सांगितले. सभा, शेड, सुमतीचे नाव पुढे केले तेही. तिला मी विचारलेसुद्धा नव्हते, हेही.

शाहिरांनी माझी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "त्या शेडीचं काही नाव हाये काय, साहेब?"

"नाव? नाही."

"मंग पंचाईत हाये. कवनात काय घालू?" ते हसले नाहीत. "आमी येऊ. सबद देल्ला हाये. पन जेथं उतरू त्याचंच नाव घेऊ. शेडीत उतरलो तं शेडीचं."

मी गाडीत चढलो, कंडक्टरने घंटी मारली. त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली. यमुनाबाईंनी तिच्यात शेवयांची पुरचुंडी ठेवली होती.

परतीच्या वाटेवर घाट कधी गेला कळले नाही. रानात, शेतात काय पाहिले ते लिहावे म्हटले तर काही आठवत नाही. आठवते ते इतकेच की कचऱ्यातून माती कशी करावी यावर मी वसाहतीत तीन व्याख्याने दिली आहेत.

घरी आल्यावर सुमतीला शेवया दिल्या आणि शाहिरांना सांगितले तेच तिलाही सांगितले. ती शेवया डब्यात भरत होती. भरून झाल्यावर झाकण लावले.

"मला विचारलं होतंत?"

"नाही."

"मग मला चालत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तिने डबा फळीवर ठेवला.

"सहाही जण इथं उतरतील. पुरुष बाहेरच्या खोलीत झोपतील, तुम्हीही तिथंच. आणि शाहिरांना कळवा, कवनात माझं नाव राहू दे. तुमचं गाळायला सांगा."

मी तसे कळवले आहे. उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या कवनात एकच नाव ऐकू आले, तर शाहीर चुकले असे कोणी समजू नये.