ऊन लागलं म्हणायचं नाही

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात रोजगार हमीचं काम निघालं होतं, पाझर तलावातला गाळ काढायचं. जिल्ह्याचा आमचा हा पूर्वेकडचा पट्टा तसाही कोरडाच, पण त्या साली तलाव मार्चमध्येच आटला आणि गाळ वाळून दगडासारखा झाला. पुरुष बरेचसे सुप्याला कंपन्यांत गेलेले. कामावर बायकाच जास्त. मी गावची आशा. बाळंतपणं, लसीकरण, तापाच्या गोळ्या हे माझं काम, तलावाशी माझा तसा संबंध नव्हता. त्या दिवशी एकीला लोहाच्या गोळ्या द्यायच्या राहिल्या होत्या आणि ती घरी सापडत नव्हती, म्हणून दुपारी पिशवी घेऊन तिकडे गेले.

पोचले तर बायका घोळका करून उभ्या. मधे आमच्या आळीतली मावशी पडलेली. साठीची, एकटी राहणारी, गावात कुणाला न भिणारी बाई. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम बंद, आणि काहीतरी भलतंच बरळत होती. जवळपास झाड नव्हतं. चौघींना पदर ताणून सावली करायला सांगितली आणि एका घागरीत उरलेलं पाणी तिच्या मानेवर, काखेत, डोक्यावर ओतलं. पाणी तेवढंच होतं. बाकीच्यांना प्यायला थेंब उरला नाही. गाळ वाहणाऱ्या टेम्पोतूनच तिला दवाखान्यात नेलं. सलाईन लागली, तिसऱ्या दिवशी ती घरी आली.

मी विचारपूस करायला गेले आणि म्हणाले, “मावशी, ऊन लागल्याची नोंद करते.”

ती उठून बसली. “ऊन लागलं म्हनू नको गं. पित्त झालं म्हन.”

“का?”

“काम बंद करतील. मग खायाचं काय? ऊन?”

त्यानंतर आठवडाभर मी कामावरच्या बायकांच्या घरी जात राहिले. कुणाला पित्त होतं, कुणाला चक्कर, कुणाला नुसता अशक्तपणा. ऊन कुणालाच लागलं नव्हतं. एक तरुण सून म्हणाली, ती सकाळपासून पाणीच पीत नाही. आडोसा नाही, मग जायचं कुठे? मी इतकी वर्षं गावात लघवीच्या जळजळीच्या गोळ्या वाटत होते. हे कुणाला विचारावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

कामावर सावली आणि पिण्याचं पाणी द्यायचं हा नियमच आहे. मी तो शोधून वाचला आणि अर्ज लिहिला: सावली, पाणी, आडोसा, आणि काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवावं. ग्रामपंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवकांनी तो वाचला आणि हसले. “ताई, ऊन काय मी पाडतो का?” सगळे हसले. सवयीनं मीही हसले. घरी येताना त्या हसण्याचीच लाज वाटत राहिली.

मग ठरलं, सोमवारी तालुक्याला तहसील कचेरीत जायचं. बारा जणी तयार झाल्या. मावशी पहिली.

शनिवारी मला वरून फोन आला. “तुम्ही आशा आहात. पुढारपण करायचं असेल तर काम सोडा.” रविवारी हवालदार घरी आले. माणूस वाईट नव्हता. पाणी मागितलं, बसले. म्हणाले, “जमाव न्यायचा तर परवानगी लागती. नाव लिहून घेतो.” आणि फक्त माझं नाव लिहून घेऊन गेले.

मी मावशीला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, घाबरतीस काय, चल. ती म्हणाली, “तू नको येऊ. तुझं काम गेलं तर आमच्याकडं कोन बगंल?”

मी गेले नाही. हे मी पुढे बऱ्याच जणांना सांगताना गाळलं आहे, म्हणून इथे लिहिते. सोमवारी सकाळी एसटी गेल्याचं ऐकलं, मग घर सारवलं, डबे घासले, धुतलेलेच कपडे पुन्हा धुतले. दुपारच्या गाडीनं त्या परत आल्या तेव्हा मी फाट्यावर उभी होते.

मावशीनं सगळं सांगितलं. फाटकावर पोलीस म्हणाले, पाचच जणी आत. “मग पाच जनी आत गेलो. सात जनी फाटकाभाईर बसल्या. बसायला बंदी हाय का इचारलं, तर त्येला सांगता येईना.” आत साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला आणि विचारलं, तक्रार नक्की काय?

“मी म्हनलं, सायेब, मला ऊन लागलं. ह्या चौघींनी पदर धरला म्हून जगले. पित्त न्हाई, ऊन. लिव्हा.”

“मग?”

“लिव्हलं की.”

पंधरा दिवसांत कामाची वेळ बदलली. बांबूंवर हिरवं शेडनेट आलं, पाण्याचे दोन ड्रम आले. आडोसा आला नाही. तो बायकांनी जुन्या साड्या बांधून केला. मजुरी ठरवताना वाळलेल्या गाळाचं माप मात्र मऊ मातीसारखंच धरतात, तो वाद अजून मिटलेला नाही. माझं काम गेलं नाही. फोन करणाऱ्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काम निघालं आणि शेडनेटचा पत्ता नव्हता. पुन्हा अर्ज, पुन्हा एसटी. या वेळी मी खिडकीशी मावशीच्या शेजारी बसले. ती वाटभर भुईमुगाच्या शेंगा फोडून माझ्या हातावर ठेवत होती आणि जामखेडला दिलेल्या भाचीच्या बाळंतपणाचं सांगत होती. कचेरीत या वेळी फार वेळ लागला नाही.

डॉक्टरांनी मावशीला उन्हात खणायला मनाई केली आहे. ती आता कामावर पाणी पाजते. ड्रमजवळ बसते, कोण प्यालं आणि कोण नाही यावर तिचं लक्ष असतं, आणि न पिणारीला नाव घेऊन हाक मारते. शेजारच्या गावच्या दोन बायका मागच्या महिन्यात तिच्याकडे आल्या होत्या, अर्ज कसा करायचा विचारायला. लिहायचं काम तिनं माझ्याकडे सोपवलं. साहेबापुढं काय बोलायचं, ते मात्र तिनंच त्यांना दुपारभर बसवून शिकवलं.