थर्मनच्या तोंडून

"त्याचं नाव माझ्या कढईपाशी काढू नगंस, बर्निस. तेल नासंल."

"नाव कशाला काढू, त्यो सोताच आलाय. पांढरा सूट घालून पुढल्या खुर्चीत बसलाय नवरदेवावानी. आन् डोक्यावर ह्ये लांबलचक कापड टांगलंय, 'बेघरांचा आधार, थर्मन बीझली.'"

"टांगू दे. पुलाखाली कुणाला तरी अंथरायला हुईल."

एवढं बोलून लुव्हीनिया पेटिग्रूनं मक्याच्या पिठात घोळलेला मासा तेलात सोडला आणि झाऱ्यानं असा दाबला, की बर्निस दोन पावलं मागं सरली. बर्निस चर्चातली जुनी मैत्रीण. दारात उभं राहून लोकांना जागा दाखवायचं काम तिच्याकडं. हातात पांढरे मोजे घातलेले, त्यामुळं तेलाचा थेंब उडाला असता तर दिवस वाया.

स्टॉकटनमधलं ऊन म्हणजे तव्यावरचं ऊन. त्यात चर्चाच्या आवारात चुलाणावर कढई. पण शनिवारी मासा तळणं हेच लुव्हीनियाचं पोट. लग्न असो, मयत असो, नाहीतर आजच्यासारखा जलसा. खाडीतला मिशाळ मासा तिच्यासारखा गावात कुणी तळत नाही, हे तिचे वैरीसुद्धा कबूल करतात. म्हणजे थर्मनसुद्धा.

जलसा भरवला होता जॉसलिननं. ही फिलिपिनो पोरगी तिशीची, अंगानं चिपाड, पण पुलाखाली पडलेल्या माणसांना छप्पर मिळावं म्हणून तिनं सरकारच्या दारात इतक्या चपला झिजवलेल्या की शिपाई तिला बघून पळायचे. लुव्हीनियाला आताची खोली मिळाली तीही हिच्याच खटपटीनं. गोऱ्यांच्या मोठ्या सभागृहात ज्यांना कुणी बोलवत नाही, अशा आपल्या रंगाच्या सगळ्या लोकांनी आज इथं गावं-वाजवावं आणि जमेल ते बेघरांच्या कामाला जावं, असा तिचा बेत. फिलिपिनो पोरींचा बांबूंवरचा नाच झाला होता. मेक्सिकोकडचा एक म्हातारा गिटार घेऊन रडवून गेला होता. आता कंबोडियाचे ढोल चालले होते आणि चर्चाच्या खिडक्या थरथरत होत्या.

शेवटाला लुव्हीनिया ओळ टाकणार होती.

ओळ टाकणं ही आमच्या काळ्या लोकांची गुलामीतली रीत. तेव्हा अक्षर शिकलं तर पाठीवर चाबूक पडायचा. म्हणून एकानं ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती झेलून, ताणून ताणून गायची. ना पेटी, ना ढोल. डोळे मिटायचे आणि ओढायचं. या गावात ही रीत टिकवली ती थर्मनच्या बापानं, चर्चाचा डीकन म्हणजे मानाचा कारभारी असलेल्या युलिसीस बीझलीनं. म्हाताऱ्यानं लुव्हीनियाला आणि थर्मनला एकाच बाकावर बसवून शिकवलं. त्याचा कायदा एकच. "ओळ भुईवर पडता कामा न्हाई. आधी झेल, मागनं बघ काय झेललंस ते." थर्मननं ओळ चुकवली की म्हातारा त्याच्या कानशिलात द्यायचा. लुव्हीनियानं कधी चुकवलीच नाही.

म्हणून तर थर्मनवर तिचा विश्वास बसला होता. एकाच बाकावरचा माणूस.

त्याच्याच घरात ती आणि नवरा एलरॉय भाड्यानं राहायचे. एलरॉयला साखरेचा आजार, पायाला जखम. एके दिवशी थर्मन आला, भिंतीवर बोट ठोकून म्हणाला की घराला वाळवी लागलीय. वरनं ताडपत्रीचा तंबू घालून आत धूर सोडावा लागेल, दोन रात्री कुठंतरी काढा. जाताना एलरॉयची चाकांची खुर्ची गाडीत चढवायलाही त्यानं हात लावला. दोन रात्री चुलत बहिणीकडं काढून ही दोघं परत आली तर ना तंबू, ना धूर. दाराला नवं कुलूप. आत दुसरंच कुणी, जास्त भाडं देणारं. ह्यांचं सामान मागल्या बोळात, आणि वरनं पाऊस. एलरॉयचं अंथरूण कुत्र्यांनी फाडलेलं.

मग जुनी ब्यूक गाडी हेच घर. औषध गार ठेवायला बर्फ आणायचा, तो वितळायचा. जखम सडली, पाय गेला, आणि पायाच्या मागनं एलरॉय गेला. ते सगळं पुलाच्या सावलीत. थर्मन विचारायला आला नाही. मयताला फुलं पाठवली, ती लुव्हीनियानं गटारात टाकली.

त्याचं नाव तिनं जॉसलिनला कधी सांगितलं नाही. कोर्टात गेली नाही, कारण तोंडी ठरलेलं, साक्षीदार कोण? लोक म्हणायचे, लुव्ही, सोडून दे, देव बघून घेईल. ती म्हणायची, देवाला बघू दे त्याच्या जागी, मी बघते माझ्या जागी. तिला त्याचा पैसा नको होता, माफीही नको होती. त्यानं केलेलं त्याच्याच तोंडून चारचौघांत निघावं, एवढी एक आग तिनं पोटात जपून ठेवली होती. निखारा राखेत पुरून ठेवतात तशी.

"काय करायचं ते कर," बर्निस खाली आवाजात म्हणाली, "पर त्याचं हायवेवरचं लॉज जॉसलिनला मिळणार हाय, ठावं हाय न्हवं? सोमवारी सह्या हाईत. पुलाखालची सगळी तिथं जायची. त्यो बिथरला तर?"

लुव्हीनियानं मासा उलटला. दुसरी बाजू अजून फिकी होती. 

ढोल थांबले. जॉसलिन दारातनं धावत आली आणि म्हणाली की चला मिस लुव्हीनिया, आणि थर्मनसाहेबांनीच खास आग्रह धरलाय, ते पण मागनं गाणार आहेत, वडिलांची आठवण म्हणून. ते ऐकून लुव्हीनिया पहिल्यांदा हसली. झारा बर्निसच्या भाच्याच्या हातात दिला, जळवलास तर तुलाच तळीन म्हणून दम भरला, हात पुसले आणि आत गेली.

आत गार होतं. थर्मन उठून उभा राहिला, तिचा हात दोन्ही हातांत घेऊन लोकांकडं वळला आणि म्हणाला की सिस्टर पेटिग्रू आणि मी लहानपणापासून एका बाकावरचे. टाळ्या पडल्या. तिनं हात सोडवून घेतला.

म्हाताऱ्यांना कळलं काय येणार ते. त्यांनी डोळे मिटले. थर्मननंही मिटले आणि मान वर केली, त्याचा बाप करायचा तशी.

लुव्हीनियानं ओळ टाकली, "मी पापी, देवा, चुकलो तुझी वाट."

सगळ्यांनी झेलली. त्यात थर्मनचा आवाज तळातनं आला, घुमणारा, थेट बापाचा. माणूस हलकट असला तरी गळा खानदानी. पापाची गाणी सगळी 'मी'ची असतात, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

"मी तुझिया दारी उभा जोडून हात."

झेलली. लांब, हळू, समुद्राच्या भरतीगत.

"मी लागली म्हणालो वाळवी, रिकामं केलं घर."

ही ओळ कुणी ऐकलेली नव्हती. पण झेलायची सवय कानाला नसते, अंगाला असते. शंभर गळ्यांनी ती उचलली, थर्मनच्या गळ्यानं सगळ्यांत आधी. ओढता ओढता मागल्या बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. निम्म्या चर्चाला ती गोष्ट माहीत होती, फक्त उघड कुणी बोललं नव्हतं. लुव्हीनियानं दम घेऊ दिला नाही.

"मी बदललं कुलूप तिची पाठ फिरल्यावर."

आणि इथं एकेक आवाज गळत गेला. आधी मागचा बाक, मग मधला, मग ढोलवाली पोरंसुद्धा, ज्यांना काही माहीत नव्हतं. थर्मनचे डोळे मिटलेलेच. बापाच्या आठवणीत रंगलेला माणूस तो. सगळं चर्च गप्प, आणि तो एकटा, डोळे मिटून, ते कुलूप ताणून ताणून बदलत होता. पार शेवटच्या अक्षरापर्यंत.

मग त्यानं डोळे उघडले.

समोर लुव्हीनिया. आणि तिच्या मागं माणसंच माणसं, सगळी त्याच्याकडं बघणारी. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिनं ते नीट बघून घेतलं. घाई केली नाही. इतकी वर्षं थांबलेली बाई, एक श्वास जास्त थांबली. मग त्याच्याकडं बघतच शेवटची टाकली, गाण्यासारखी नाही, साधी बोलल्यासारखी.

"मी एलरॉयचं अंथरूण पावसात टाकलं."

कुणी झेलेना. ओळ भुईकडं चालली. तेवढ्यात दारातनं बर्निसचा चिरका आवाज उठला आणि तिनं ती उचलली, पांढरे मोजे छातीवर धरून. मग सगळं चर्च उठलं. थर्मन सोडून सगळे गायले, त्याच्याकडं तोंड करून.

ओळगाण्याला टाळ्या वाजवत नाहीत. त्या दिवशीही वाजल्या नाहीत.

ती कढईपाशी पोचते न पोचते तोच जॉसलिन मागनं आली. डोळे लाल. तिनं विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत, आणि आता लॉज गेलं तर त्या माणसांना मी काय सांगू? लुव्हीनियाला तिचं वाईट वाटलं, पण केलेल्याचं नाही. ती म्हणाली की मला सगळं ठाऊक होतं, तरी केलं. तुझ्या जागी मी असते तर मीही चिडले असते, तूही खुशाल चीड.

मग थर्मन आला. सुटाच्या काखा भिजलेल्या. रांगेतले लोक बाजूला झाले, पण लांब कुणी गेलं नाही.

"लुव्ही, एकांतात बोलायचं हुतंस. मी काय न्हाई म्हणलो असतो?"

"एकांतातच तर ठरलं हुतं तवा. दोन रात्री म्हणालास."

"माझी इज्जत घालवलीस तू. सोमवारचं इसर म्हणावं तुझ्या त्या जॉसलिनला. मी सही करणार न्हाई."

"नगं करूस," लुव्हीनियानं मासा चाळणीत काढला. "मंग उद्या सकाळी हितं परत ही ओळ टाकीन. पुढल्या रैवारी तुझ्या मेव्हण्याच्या चर्चात. त्याच्या पुढल्या रैवारी नदीपल्याड, जिथं तुला डीकन करणार हाईत म्हणं. म्हातारी माणसं कुठं बी ओळ झेलतात, थर्मन. त्यांला तुझ्या बापानंच शिकवलंय."

थर्मननं रांगेकडं बघितलं. रांगेनं त्याच्याकडं बघितलं. पुलाखालचा एक जण, दात नसलेला, हळूच "मी पापी" गुणगुणायला लागला आणि दोघं-तिघं फिदीफिदी हसले.

"आन् सही क्येली तर?"

"क्येली तर क्येली. माफ करीन आसं समजू नगंस. मरंपर्यंत न्हाई, मेल्यावर बी न्हाई. फकस्त गप बसंन."

थर्मननं कोटाची गुंडी लावली. मग जॉसलिनकडं न बघता म्हणाला, कागद सोमवारी नको, आत्ताच आणा, पाद्रीबाबांच्या खोलीत बसतो. जॉसलिन पिशवी सावरत त्याच्या मागं पळाली.

बर्निस म्हणाली, आता तरी गार वाटलं का गं. लुव्हीनियानं विचार केला. एलरॉय काही उठून आला नव्हता. पण भुकेलं माणूस पोटभर जेवल्यावर जसं जड आणि सुस्त होतं, तसं तिला झालं होतं. तिनं तसं सांगितलं नाही. भाच्याच्या हातनं झारा काढून घेतला, एक तुकडा करपवल्याबद्दल त्याला दोन शिव्या हासडल्या.

"बोला, कुणाचा नंबर? शेपटाकडचा पायजे का मधला?"

दात नसलेला म्हणाला, मधला, काटा नसलेला. तिनं पिठात हात घातला.