उन्हाच्या नावाखाली

आमच्या ब्रास बँडचे मास्तर म्हणजे चाचा. बीडमध्ये मला ट्रंपेट त्यांनीच शिकवलं, निम्मं फुंकून दाखवत आणि निम्मं शिव्या देत. उन्हात वरात निघाली की ते ओरडायचे, "पितळ तापलंय बे, सूर चढला! नळ्या भाईर काढा!" सूर जुळवायची नळी थोडी बाहेर ओढली की सूर उतरतो. आमची सगळी विद्या एवढीच.

मग चाचांचे पुढचे दात गेले. कवळी बसवली, पण ओठांना पहिल्यासारखी पकड काही येईना. नळी पार आत ढकलली तरी त्यांचा सूर आमच्या खालीच राहायचा. माणूस हट्टी, त्यात ट्रंपेट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सांगणार कोण? मग आम्हीच आपापल्या नळ्या ओढून त्यांच्या सुरापाशी उतरलो. विचारलं तर म्हणायचं, "ऊन लई हाय, चाचा." वऱ्हाडी नाचण्यात दंग, सुराचं कुणाला पडलंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा मांजरसुंब्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या दोस्तांनी गाणारा आणि कीबोर्डवाला आणला. मंगल कार्यालयात एसी. पहिल्याच ओळीला आमचा अख्खा बँड कीबोर्डच्या सुराखाली. गाणारा थांबला. लोक हसले. त्या हसणाऱ्यांचा मला असा संताप आला की काय सांगू.

चाचा मागे वळले. आता आमचा उद्धार होणार, असं वाटलं. पण त्यांनी एकेकाची बाहेर आलेली नळी पाहिली आणि मग स्वतःची, पार आत गेलेली.

"हितं तर गार हाय," ते म्हणाले. "मग नळ्या कावून काढल्या?"

मी माझी नळी हळूच हाताआड केली.

"कवापासून रे?"

"मागल्या लगीनसराईपासून," मी म्हणालो. जमिनीकडे बघत.

"आत ढकला."

आम्ही ढकलल्या. पुन्हा वाजवलं, कीबोर्डशी जुळलं, टाळ्याही पडल्या. चाचा पुढे उभे होते, ट्रंपेट ओठाला लावून. बोटं बटणांवर बरोबर फिरत होती. मी त्यांच्या लगेच मागे होतो, म्हणून मला कळलं. त्यांच्या ट्रंपेटातून काहीच येत नव्हतं.

अजूनही प्रत्येक वरातीत ते असेच पुढे चालतात, आणि आम्ही सुरात वाजवतो.