खोबरेल लावलेली गाळणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीच्या गाडीची गाळणी धुतली. मी आणि बायको, दुपारी, मागच्या अंगणात, उन्हाला पाठ देऊन. थंडीचे दिवस होते. संध्याकाळी तिच्या छातीत भरून आलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेली, ती काही परत आली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

गाडी रस्त्यावरची नाही. मुरमाच्या मैदानात उड्या मारायची, पोरांची, बारकी. मुलानं जुनी बघून आणलेली. बायकोला आधी राग आला होता, पोरीला हे असलं कशाला म्हणून. मग एकदा सिन्नरच्या अंगाला मैदानावर नेली, तर पदर नाकाला लावून मुरमाच्या ढिगावर चढली. वळण आलं की ओरडायची, "हळू गं." सरळ आलं की, "आता सोड."

नात म्हणाली, "आजी, हेल्मेटमध्ये मला काही ऐकू येत नाही."

"तुला कोण सांगतंय? मी गाडीला सांगते."

त्या गाडीच्या सीटखाली स्पंजाची टोपी असते. हवेतली धूळ तिथं अडते, इंजिनात जात नाही. दुकानात तिला एअर फिल्टर म्हणतात. बायको गाळणी म्हणायची. चहाची वेगळी, गाडीची वेगळी. मैदानावरून आलं की ती साबणाच्या पाण्यात धुवायची, वाळवायची, मग तिचं एक चिकट तेल मिळतं ते लावायचं. मी जन्मभर चांदवडवरून कांद्याचा टेंपो आणला. आमची गाळणी कागदाची, टायरवर आपटली की झालं काम. हे धुणं नातीनंच आम्हाला शिकवलं. त्या दिवशी ती शाळेत होती आणि रविवारी तिची शर्यत होती.

"पिळू नको, नुसती दाब. पोरीनं बजावलंय," मी म्हणालो.

"जन्मभर तुमची बनियनं पिळली, आता मला धुणं शिकवा." आणि पिळलीच.

गाळणी वाळली. तेलाचा डबा बघितला तर रिकामा. दुकानात जायला उठलो तर म्हणाली, "बसा गप. तेल ते तेल." डोक्याला लावायला खोबरेलाची बाटली उन्हात ठेवली होती, ती घेतली. नाशिकच्या थंडीत खोबरेल दगड होतं, उन्हात ठेवल्याशिवाय बाटलीबाहेर येत नाही. हे तिलाही माहीत, मलाही माहीत. तरी दोघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. नातीच्या केसांना चोळायची तसं तिनं गाळणीला चोळलं. हाताला राहिलेलं माझ्या टकलावर पुसलं.

"हितं काय उगवायचं नाय, पण चमकंल तरी."

मी गाळणी बसवली, सीट आवळली. मग चहा केला तिनं. साखर जास्त पडली होती, मी बोललोही तसं.

पुढं पाहुणे आले, बसले, गेले. ती शर्यत राहिली. गाडी घराच्या पडवीत कापड टाकून उभी. पुढची शर्यत आली तेव्हाही थंडी होतीच. मुलानं समजावलं म्हणून नात तयार झाली. आदल्या दुपारी गाडी काढली, किक मारली. गाडी हूं का चूं करेना. पोरीनं किका मारून मारून शेवटी सीट उघडली. गाळणी पांढरी, घट्ट, नारळाच्या वडीसारखी, हवा आत जायला जागाच नाही.

"आबा, हे काय लावलंय?"

"खोबरेल."

"कुणी?"

"कोण लावणार? तुझ्या आजीनं."

तिनं वास घेतला. मग खालीच बसली आणि हसायला लागली. मलाही आवरेना. सून लाटणं घेऊन बाहेर आली, काय झालं म्हणून. तिला दाखवलं तर म्हणाली, "आईंनी गाडीची पण चंपी केली का?" तेव्हा तर माझे डोळे वाहायला लागले. बायको गेल्यापासून आमच्या घरात असं कुणी हसलं नव्हतं.

हसून झालं आणि पोर उठली. "ही धुवायची नाही आबा. आजीनं लावलंय."

"बरं, नाही धुवत. पण मग गाडी कशी चालायची?"

"नाही चालली तर नाही. मी उद्या जात नाही."

गाळणी परत बसवली, वर कापड टाकलं, आत गेली. बापानं समजावलं, मी ओरडलो, उपयोग झाला नाही. एक शर्यत बुडाली तर बुडू दे. पण एकदा झाकलेली गाडी पुन्हा निघत नाही, हे मी टेंपोवाल्यांच्या दारात बघितलंय. पोरीचा नादच सुटला असता. बायकोनं ते तेल गाडी पळावी म्हणून लावलं होतं, पुजायला नाही.

तसाच बाजारात गेलो. नवी गाळणी दोन दुकानांत नव्हती. तिसऱ्यात म्हणालो, "गाळणी द्या."

"बाबा, भांड्यांचं दुकान पुढच्या गल्लीत."

"एअर फिल्टर रे. पोरांच्या उड्या मारायच्या गाडीचा. आणि त्याचं तेल."

"चालवतं कोण?"

"मीच."

त्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं. "मग हेल्मेट पण घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपेत असताना शाल गुंडाळून पडवीत बसलो. जुनी गाळणी काढली. पिळल्यानं तिची शिवण उसवली होती, म्हणजे धुतली असती तरी कामाची नव्हती. आतल्या उघड्या भोकात धूळ जाऊ नये म्हणून फडकं कोंबलं. नवीला तिचं तेल लावलं, दाबलं, पिळलं नाही. बसवली, सीट आवळली, आणि मग आठवलं की फडकं आतच राहिलं. परत सगळं खोललं. जुनी न धुता एका ताटलीत घालून नातीच्या खिडकीत ठेवली. शब्द पाळला.

मग गाडीवर बसलो. गुडघे हनुवटीला लागले. किक मारली. परत मारली. शेजारच्यानं दार उघडलं.

"काका, या वयात?"

"तुम्ही झोपा."

आणखी एक मारली. नात तोंडात ब्रश घेऊन दारात उभी, केस विस्कटलेले.

"आबा, आधी चोक ओढा की."

"कुठाय चोक?"

तिनं चूळ भरली, ब्रश खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळला आणि माझ्याजवळ आली.

"सरका," म्हणाली.

मी सरकलो.