कॅसेटच्या शेवटी उरलेलं गाणं

अमेरिकेत, फ्रीमाँटच्या आमच्या घरात रविवारी सकाळी एक कार्यक्रम ठरलेला असायचा: कॅसेटवर बोलणं. बाबा किचन टेबलावर टेपरेकॉर्डर मांडायचे आणि आम्ही चौघं आळीपाळीने नागपूरच्या आजीशी बोलायचो. आजीला वाचायला दिसत नव्हतं आणि फोन कधी धड लागायचा नाही. कॅसेट पोस्टाने जायची, दुसऱ्या बाजूला आजीचं उत्तर भरून परत यायची.

एका रविवारी कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या. दादा घरी नव्हता; बाबांनी त्याच्या खोलीतली एक उचलली आणि तिच्यावरच आमचं बोलणं भरलं. दादा तेव्हा अठराचा, इंग्लंडमधल्या एका पंक बँडपायी वेडा झालेला. पार वाया गेला, असं आईचं मत. तो बँड फुटला होता आणि त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तिकडच्या कुणा पोराने दादाला पाठवलं होतं. दुकानात न मिळणारं. बाबांना त्यातलं काय कळणार, कपाळ! त्यांना कॅसेट म्हणजे कॅसेट.

दादाला कळेपर्यंत ती पोस्टात पडली होती. तो इंग्रजीतून ओरडत सुटला. बाबा म्हणाले, "तो धिंगाणा माझ्या आईपेक्षा मोठा झाला का? एवढंच असेल तर नीघ इथून." दादा खरंच निघाला. एक बॅग आणि गिटार घेऊन बसने गेला.

कॅसेट परत आली. आमचं बोलणं लवकर संपलं होतं, त्यामुळे शेवटी बँडचं एक गाणं तसंच उरलं होतं. उलट्या बाजूला आजी म्हणत होती, "तुमचं बोलणं झाल्यावर पोट्टा भलताच जोरात गाऊन राहिला रे. घसा बसेल त्याचा. हळद-दूध देत जा."

आई हसायला लागली आणि हसता हसता रडली. मला बाबांचा इतका संताप आला होता की त्यांनी ते गाणं पुन्हा लावलं तेव्हा मी दार आपटून बाहेर गेले. पुढे ऑफिसला जाता-येता ते गाडीत तेच लावायचे. दादाचा फोन नाही, पत्ता नाही. पोलीस म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, आम्ही काय करणार.

काही वर्षांनी तो बँड पुन्हा एकत्र आला. सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचा शो होता. दादा नेहमी म्हणायचा, ते परत एकत्र आले तर जगाच्या पाठीवर कुठेही असलो तरी मी जाणार. मी हे बाबांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, "मी पण येतो."

हॉलच्या दाराशी बाबा स्वेटर घालून, आईने दिलेला लाडवांचा डबा छातीशी धरून उभे. हिरव्या केसांची पोरं हसत पुढे जात होती. बाबा प्रत्येकाचं तोंड बघत होते. एकदोघांच्या मागे धावलेसुद्धा. शेवटी आत ते गाणं सुरू झालं आणि बाबांचे ओठ हलायला लागले. उच्चार काहीच्या काही, पण शब्द सगळे पाठ. "आता येईल बघ," ते म्हणाले. गाणं संपलं, हॉल रिकामा झाला. तो आला नाही. मी डबा घ्यायला हात पुढे केला, तर बाबा तो सोडेनात.

रविवारी रेकॉर्डर टेबलावर आला. पोट्टा बोलत का नाही, असं आजी दर कॅसेटमध्ये विचारायची. मला वाटलं, आज बाबा खरं सांगून टाकतील. त्यांनी बटण दाबलं.

"आई, परवा त्याच्या गाण्याला गेलो होतो. हॉल भरला होता. छान गातो गं. घसा बरा आहे आता."

मग त्यांनी रेकॉर्डर माझ्यापुढे सरकवला.

"हो आजी," मी म्हटलं, "हळद-दूध घेतो रोज."